शेवटची टाटपट्टी

आदेश आला तेव्हा मी तिसरीला
हातच्याची वजाबाकी शिकवत होते.
फळ्यावर बावन्नातून सत्तावीस,
अर्धीच राहिली.
कागदावर लिहिलं होतं: केंद्रप्रमुख, शाळा अकरा.
वंश डाखोरेनं मान उंचावून विचारलं,
"मॅडम, लग्नाची पत्रिका हाये का?"

एकोणीस वर्षं दोन बोटांत खडू होता.
आता स्कूटीची किल्ली.
डिकीत शेरेबही, पाण्याची बाटली, भाकरी,
आणि काहीच कारण नसताना
खडूची एक पेटी.

पहिले चार महिने मी वाईट होते.
कुठल्याच अहवालात हे नाही.
वर्गात शिरायचे, दहा मिनिटं बघायचे,
अकराव्याला "सर, जरा द्या" म्हणत
खडू मागून घ्यायचे.
पोरं खूश. मीही.
सर खिडकीपाशी उभे,
आपल्याच घरात पाहुण्यासारखे.
एकदा पंचफुलाबाई बोलली,
खिचडीचा गंज घासता घासता, वर न बघता:
"तुमी तं झ्याक शिकवता हो बाई,
पन उद्या कोन येनार हाये?"

मोहापोडची शाळा डांबर संपल्यावर
अजून तीन किलोमीटर.
कापूसवेचणीचे दिवस, अर्धा पट वावरात.
निखाडे सर गोंदियाकडचे, चोविशीतले,
दुसरीला 'पाणी' शिकवत होते.
चित्र होतं, शब्दपट्टी होती, आवाजही बरा होता.
मी शेवटच्या टाटपट्टीवर बसले
रविता आत्रामच्या शेजारी
आणि तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले,
दोन्ही.

सरांनी चित्रावर छडी टेकवली, हे काय आहे?
वर्ग गप्प.
रविता ओठांतल्या ओठांत म्हणाली,
"ईर."
कोलामीत पाणी.
बरोबर उत्तर, माझ्या कानापासून वीतभर,
फळ्यापासून मात्र अकरा पावलं.
सर म्हणाले, बोला, पा-णी.
वर्ग म्हणाला, पा-णी.
तळहातांना मुंग्या आल्या.
मी उठले नाही.
डी.एड.च्या कुठल्याच पेपरात
इतकं अवघड काही आलं नव्हतं.

सुट्टीत हापशीपाशी त्यांनी विचारलं,
"मॅडम, कुठे चुकलं?"
माझ्याकडे सात वाक्यं तयार होती,
सातही खरी.
मी म्हटलं, "रविता काही बोलली का?"
"नाही. ती बोलतच नाही."
"उद्या तिच्याशेजारी बसून बघा.
वर्ग मी घेते."

दुसऱ्या दिवशी खडू माझ्या हातात
आणि सर मागे, गुडघे पोटाशी घेऊन.
मी काय शिकवलं ते आठवत नाही,
नजर त्यांच्यावरच होती.
त्यांचं डोकं हळूहळू डावीकडे कललं,
कललं आणि तिथेच थांबलं,
विहिरीत बादली पाण्याला लागल्याचा आवाज यावा
म्हणून माणूस थांबतं तसं.

शेरेबहीतला 'सूचना' हा रकाना मी कोरा ठेवला.
पंचायत समितीतून फोन आला, असं चालत नाही मॅडम.
मग लिहिलं: शिक्षकाने विद्यार्थिनीचे ऐकले.
बाबू म्हणाला, हे कोणत्या मुद्द्यात टाकू?

परवा आठवडी बाजारात वंश भेटला,
चौथीत गेलेला, हातात टमाट्यांची थैली.
"मॅडम, आता तुमी कोन्त्या वर्गाले शिकवता?"
मी सांगायला लागले,
अकरा शाळा, सत्तावीस शिक्षक, भेटी, बैठका...
त्याला ते काही पटलं नाही.
"तुमची थे वजाबाकी," तो म्हणाला,
"नव्या सरनं दुसऱ्याच रीतीनं शिकवली.
लय सोपी हाये."

छातीत कुठेतरी काटा रुतला. खोटं कशाला बोलू.
मग मी बटाट्याच्या पोत्यावर टेकले,
पिशवी मांडीवर घेतली.
"कशी रे? दाखव."